लाल रक्ताची नीला

शाळेत हृदयाची आकृती रंगवताना आम्हाला एक सोपा नियम पाठ होता : रोहिणी लाल, नीला निळी. फुप्फुसांकडून हृदयाकडे येणाऱ्या चार वाहिन्यांना ‘फुप्फुस नीला’ असं नाव होतं, म्हणून मी त्या निळ्या रंगवल्या आणि गुण गमावले. पुढे या वाहिन्यांचा इतिहास वाचताना लक्षात आलं, की त्यांनी माझ्याहून फार मोठ्या माणसांनाही चकवलं आहे.

वाहिनीचं नाव रंगावरून नाही, दिशेवरून ठरतं. हृदयापासून रक्त दूर नेते ती रोहिणी. हृदयाकडे आणते ती नीला. जन्मानंतर शरीरातल्या इतर सगळ्या नीला ऑक्सिजन खर्चून काळपट झालेलं रक्त आणतात. फुप्फुस नीला तेवढ्या ताजं, लालभडक रक्त आणतात. साधारणपणे प्रत्येक फुप्फुसातून दोन, वरची आणि खालची, अशा त्या निघतात आणि डाव्या अलिंदाच्या मागच्या बाजूला उघडतात. फुप्फुसात रोहिणी श्वासनलिकेच्या फांद्यांची सोबत करते, तर नीला दोन भागांमधल्या सीमेवरून वाहते. म्हणून शस्त्रक्रियेत फुप्फुसाचा एखादाच भाग काढायचा असेल, तर तिचा माग काढत त्या भागाची हद्द ओळखता येते.

प्राचीन ग्रीकांनी हृदयाची डावी बाजू रोहिण्यांची मानली. साहजिकच डाव्या बाजूला मिळणाऱ्या या नीलेला त्यांनी ‘शिरेसारखी रोहिणी’ म्हटलं. दुसऱ्या शतकातल्या गेलनचं म्हणणं असं, की रक्त हृदयाच्या मधल्या पडद्यातल्या अदृश्य छिद्रांतून उजवीकडून डावीकडे झिरपतं आणि ही वाहिनी हवा आत आणते, काजळी बाहेर टाकते. हे मत हजार वर्षांहून अधिक काळ टिकलं. कैरोत वैद्यकी करणाऱ्या इब्न अल-नफीसने तेराव्या शतकात ठामपणे लिहिलं, की पडद्याला छिद्रं नाहीत. रक्त फुप्फुसात जातं, तिथे हवेशी मिसळतं आणि याच वाहिनीतून डावीकडे येतं. युरोपात १५५९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात रेआल्दो कोलोंबोने जिवंत प्राण्यांतलं निरीक्षण नोंदवलं : ही वाहिनी हवेने किंवा काजळीने नाही, रक्ताने भरलेली असते. रोहिणीतलं रक्त नीलेत पोचवणाऱ्या केशवाहिन्या मात्र १६६१ साली माल्पिघीला बेडकाच्या फुप्फुसात, सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या.

या नीलांच्या तोंडाशी झडपा नसतात. त्यामुळे डाव्या अलिंदात दाब वाढला, की तो थेट फुप्फुसापर्यंत मागे पोचतो. संधिवाती तापाने मिट्रल झडप अरुंद झालेल्या रुग्णांत हेच होतं. आपल्याकडे हा आजार अजून संपलेला नाही. केशवाहिन्यांतला दाब साधारण २५ मिलिमीटर पाऱ्याच्या पुढे गेला, की पाणी वायुकोशांत झिरपू लागतं. आडवं झाल्यावर पायांकडचं रक्तही छातीकडे येतं आणि दाब आणखी वाढतो. उशीवर उशी रचून रात्र बसून काढणाऱ्या माणसाच्या धापेमागे या वाहिन्या तुंबलेल्या असू शकतात.

१९९८ साली बोर्दोच्या मिशेल हायसगेर आणि सहकाऱ्यांनी अलिंदाच्या अनियमित थरथरीचे झटके येणारे ४५ रुग्ण तपासले. ती थरथर सुरू करणारी ६९ ठिकाणं त्यांना सापडली. त्यांपैकी ६५ फुप्फुस नीलांमध्ये होती. हृदयाच्या स्नायूची बाही या नीलांवर थोडी पुढपर्यंत चढलेली असते, आणि तिथूनच अवेळी ठिणग्या पडतात. आज नीलेच्या तोंडाभोवती उष्णतेने किंवा थंडीने व्रण तयार करून त्या ठिणग्या अलिंदापर्यंत येऊ न देण्याचा उपचार केला जातो.

हवा वाहणारी नळी, मग रक्ताची साधी वाट, आणि आता ठोक्यांची लय बिघडवू शकणारी जागा : वाहिन्या त्याच, आपली समज तेवढी बदलत गेली. आज ती आकृती पुन्हा समोर आली, तर मी नाव नंतर वाचेन. आधी विचारेन, रक्त येतंय कुठून आणि चाललंय कुठे?