बोअरचा फवारा म्हणजे पाण्याचं माप नव्हे

"फवारा निंबाच्या वर गेला, आता पाण्याची चिंता मिटली!" मेहकर-चिखलीपासून मोताळ्यापर्यंत बोअरची गाडी लागली की हे वाक्य ऐकू येतं. त्याच भरवशावर केसिंग, मोटार, पाइप यांसाठी कर्ज काढलं जातं. मार्चमध्ये मोटार हवा ओढू लागली की घरं हवालदिल होतात. हे थांबायलाच हवं.

फवारा उडवतो तो गाडीवरचा कम्प्रेसर. दाबाची हवा दांड्यांतून खाली दगड फोडणाऱ्या हातोड्यापर्यंत जाते आणि परतताना दगडाचा चुरा व वाटेत लागलेलं पाणी घेऊन वर येते. 100 मीटर पाण्याखालचा बुडबुडा वर येईपर्यंत साधारण 11 पट फुगतो. म्हणजे तोंडाशी दिसणाऱ्या फवाऱ्यात बहुतेक जागा हवेचीच. शिवाय हवा पाण्यापेक्षा वेगाने वर सरकते. त्यामुळे थोडं पाणीही उंच उडतं, आणि नुसत्या उंचीवरून पाणी किती हे सांगता येत नाही.

वायूसोबत वर येणारा द्रव किती, हाच प्रश्न तेलविहिरींतही आहे. 1974 मध्ये सापडलेल्या मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात तेल वर आणायला नळीत वायू सोडतात; वायूने स्तंभ हलका होतो. नळीत वायू आणि द्रव एकत्र असताना दाब किती घटतो, हे हॅगेडॉर्न आणि ब्राउन या अभियंत्यांनी 1500 फुटी प्रायोगिक विहिरीत मोजून 1965 मध्ये सूत्र मांडलं. तरीही उत्पादन ठरवताना सहसा तेल, वायू, पाणी वेगळं करून मोजतात. इतका खटाटोप ते करतात, आणि आपण झाडाची उंची बघतो!

"दोन इंच पाणी लागलं" हेही अर्धवटच. पत्र्यात कापलेल्या 90 अंशांच्या व्ही-आकाराच्या खाचेतून वाहणारं पाणी 5 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दोन इंच, उंच असेल, तर सेकंदाला पाऊण लिटर मिळतं. 10 सेंटिमीटर असेल, तर सव्वाचार लिटरांहून जास्त. उंची दुप्पट, पाणी साडेपाच पट.

खोल गेलं की पाणी वाढतंच? आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत असतं, आणि खोलीवर भेगा सहसा कमी होतात. आणि पाणी शोधताना पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहण्याचा भूजलाशी काहीही संबंध नाही.

गाडी उभी असतानाच चर काढून पाणी खाचेतून वळवा आणि मोजून घ्या. मोटार घेण्याआधी काही तास सलग उपसा करून पातळी किती उतरते आणि किती वेळात भरते, तेही लिहून ठेवा.