झाकण्यापूर्वी पाहणारा माणूस

(पाण्याच्या कामावरील प्रकल्प अभियंत्याविषयी)

— बी. ए. द्वितीय वर्ष

कला शाखेच्या विद्यार्थ्याने अभियंत्यावर लेख लिहावा, हे काही वाचकांना खटकेल. परंतु आमच्या घरात धरण हा विषय पुस्तकातून आलेला नाही. तो आबाजींच्या डोक्यावरच्या टोपल्यातून आला आहे.

सेलू तालुक्यात हिंगणीजवळ बोर नदीवर मातीचे धरण आहे. त्याची उंची सुमारे ३६ मीटर असून ते १९६५ साली पूर्ण झाले. माझे आबाजी ऐन तारुण्यात त्या मातीकामावर मजूर होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. हजेरीपटावर त्यांचा अंगठा उमटत असे. ते एक गोष्ट नेहमी सांगतात. एका रात्री अवकाळी पाऊस आला. सकाळी साहेब आले, त्यांनी भरावावरची माती मुठीत घेऊन दाबून पाहिली आणि आदल्या दिवशी घातलेला सगळा थर उकरून टाकायला सांगितला. "आमी लय शिव्या देल्या त्याले मनातल्या मनात," आबाजी म्हणतात, "दिवसभराचं काम मातीत गेलं. पन धरन अजून उभं हाये."

साहेबांनी तो थर का उकरायला लावला, हे मला पुष्कळ दिवस कळत नव्हते. यंदा दिवाळीच्या सुटीत गावाकडच्या एका सेवानिवृत्त शाखा अभियंत्यांशी बोलण्याचा योग आला, तेव्हा उलगडा झाला. तोच येथे मांडतो.

प्रकल्प अभियंता म्हटले की निळ्या नकाशांवर रेघा ओढणारा मनुष्य आपल्या डोळ्यांसमोर येतो. वस्तुतः नकाशे बहुधा दुसरीकडे तयार होतात. सरकारी प्रकल्पावर कार्यकारी अभियंता, त्यांच्या हाताखाली उपविभागीय अभियंता आणि प्रत्यक्ष जागेवर शाखा अभियंता अशी उतरंड असते. कागदावरचे धरण जमिनीवर उतरवणे हे या सर्वांचे काम. कंत्राटदार, मजूर, यंत्रे, सिमेंट, पैसा आणि पावसाळा या सर्वांची सांगड त्यांना घालावी लागते. पण या सगळ्या धावपळीच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, असे मला वाटते. पाण्याच्या कामातील बहुतेक महत्त्वाचा भाग शेवटी झाकला जातो. पायाचा खंदक भरला जातो, लोखंडी सळया काँक्रीटमध्ये बुडतात, एका थरावर दुसरा थर पडतो. झाकल्यानंतर ते कोणालाच दिसत नाही. म्हणून झाकण्यापूर्वी पाहणे, आणि बरोबर नसेल तर "थांबा" म्हणणे, हेच अभियंत्याचे खरे काम होय.

आता आबाजींच्या थराकडे येऊ. माती दाबून घट्ट करावयाची तर तिच्यात नेमका ओलावा लागतो. ओलावा कमी असेल तर ढेकळांत पोकळ्या राहतात. जास्त असेल तर मातीच्या कणांमधील जागा पाणीच अडवून बसते. मग रोलर कितीही फिरवा, माती दबत नाही, नुसती लवते. म्हणून माती वीतभर जाडीच्या थरांत पसरून, योग्य ओलाव्यावर आणून दाबतात. नंतर ठरावीक मापाचे लोखंडी नळकांडे थरात ठोकून माती काढतात, तिचे वजन करतात, ओलावा वजा करतात आणि प्रयोगशाळेत ठरलेल्या घनतेशी ताडून पाहतात. ती घनता भरली तरच वरचा थर घालण्यास परवानगी मिळते. पावसाने तो थर प्रमाणाबाहेर भिजला होता. साहेबांची मूठ ही त्या परीक्षेची पहिली पायरी होती.

मातीच्या धरणातून थोडे पाणी झिरपतेच. झिरपलेले पाणी नितळ आणि बेताचे असेल तर ते मोजत राहणे पुरते. ते गढूळ येऊ लागले तर मात्र जिवाला घोर लागतो. कारण पाण्याबरोबर धरणाच्या पोटातली माती वाहून चालली आहे, असा त्याचा अर्थ होतो. एका कच्च्या थरातून अशी वाट पडू शकते.

"थांबा" हा शब्द न ऐकल्याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. पुण्याजवळचे पानशेतचे मातीचे धरण १२ जुलै १९६१ रोजी, पहिल्याच पावसाळ्यात पाणी साठत असता फुटले. तो लोंढा खालच्या खडकवासला धरणाला फोडून पुणे शहरात शिरला. धरणाच्या पोटातून पाणी सोडण्याच्या मार्गाचे काम तेव्हा पुरे झालेले नव्हते. त्या अपुऱ्या मार्गातून पाणी वेगाने वाहू लागले, त्याच्या धक्क्यांनी बांधकाम निखळले, वरचा भराव खचत गेला आणि शेवटी पाणी धरणमाथ्यावरून वाहिले. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. परंतु चूक वर नव्हती, खाली झाकलेली होती. पावसाळा कोणासाठी थांबत नाही हे खरे. म्हणूनच त्या वर्षी पाणी अडवायचे की नाही, याचा निर्णय पावसाळ्यापूर्वी घ्यावा लागतो. आबाजी बोरवर टोपली वाहत होते तो काळ याच घटनेनंतरचा. साहेबांच्या मनात पानशेत असेल काय, कोण जाणे.

धरणानंतर कालवा. आपल्या वर्धा जिल्ह्याच्या काळ्या मातीने कापूस पिकवला. पण अभियंत्याच्या दृष्टीने ती मोठी लहरी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट काँक्रीटचे अस्तर केले तर ते उचलले जाते आणि तडकते. यावर मुंबईच्या आय. आय. टी.तील प्रा. आर. के. कट्टी यांनी उपाय दाखवला. अस्तर आणि काळी माती यांच्या मध्ये, न फुगणाऱ्या परंतु चिकटून राहणाऱ्या मातीचा जाड थर द्यावयाचा. हा थरही अस्तराखाली झाकलाच जातो. तो दोन हात आहे की अर्धा हात, हे अस्तर होण्यापूर्वी जो पाहील त्यालाच ठाऊक.

जे पाहिले ते अभियंता मोजमाप पुस्तकात लिहितो. किती लांब, किती रुंद, किती खोल. त्या नोंदीवर बिल निघते. कामाची घाई, मार्चअखेर खर्च दाखवण्याची निकड, वजनदार मंडळींचा शब्द, हे सर्व त्या पुस्तकाच्या पानावर येऊन थडकते. तेथे त्याची सही म्हणजे जे लोक कधीच खंदकात उतरणार नाहीत त्यांना दिलेली ग्वाही असते.

माणसांचा प्रश्न तर याहून अवघड. आर्वी तालुक्यात धनोडी येथे वर्धा नदीवर निम्न वर्धा प्रकल्पाचे धरण उभे आहे. त्याला ३१ दरवाजे आहेत. अशा धरणाच्या पाण्याखाली नुसती जमीन जात नाही. देऊळ, विहीर, स्मशान, शेजार सगळे जाते. भूसंपादन आणि पुनर्वसन हा महसूल खात्याचा विषय. पण यंदा पाणी कोणत्या पातळीपर्यंत चढेल आणि कोणाच्या उंबरठ्याशी येईल, हे आकड्यांत सांगू शकणारा मनुष्य अभियंताच असतो. नव्या गावठाणात नळ, रस्ता, शाळा झाल्याखेरीज दरवाजे पाडू नयेत, असे त्याने लेखी कळवले तर त्या कागदाला वजन येते. गप्प राहिला तर पाणी आपले काम करतेच.

शेवटी घरची गोष्ट. आमचे तीन एकर शेत एका वितरिकेच्या शेपटाला आहे. वितरिका बांधली तेव्हा बाबांना फार आनंद झाला होता. पण रब्बीत आमच्यापर्यंत पाणी क्वचितच येते. वरचे शेतकरी पाणी ओढतात, असे आम्ही समजत होतो आणि त्यावरून भांडणेही झाली. वर सांगितलेल्या सेवानिवृत्त साहेबांनी आपली जुनी दुर्बीण लावून पातळी घेतली, तेव्हा एका ठिकाणी तळ पाऊण वीत उंच निघाला. चूक शेजाऱ्याची नव्हती. अस्तर करण्यापूर्वी त्या तळाची पातळी कोणीतरी पाहावयास हवी होती, ती पाहिली गेली नाही. पाऊण वीत मातीने दोन घरांचे बोलणे पाच वर्षे बंद ठेवले.

२००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना वितरणाचा कारभार हाती घेण्याचा अधिकार दिला आहे. कारभार हाती घेण्यापूर्वी कालव्याची संयुक्त पाहणी करावयाची असते. तेव्हा पातळी घ्या, असा आग्रह धरणारा कोणीतरी आपल्या गावातला हवा.

२०१९ पासून जल जीवन मिशनखाली खेडोपाडी नळासाठी चर खणले गेले. नळ टाकल्यावर चर बुजवण्यापूर्वी त्यात पाणी भरून दाब देतात आणि सांधे गळतात काय ते तपासतात. ही परीक्षा दुपारच्या उन्हात कंटाळवाणी असते, म्हणून ती टाळण्याचा मोह होतो. मित्रहो, आपल्यापैकी बहुतेक जण अभियंते होणार नाहीत. पण आपल्याला वाचता येते, सही करता येते, आणि ग्रामसभेत उभे राहून विचारता येते की, "साहेब, बुजवण्याआधी दाब दिला होता काय? नोंद दाखवाल काय?"

आबाजींच्या अंगठ्याला तो प्रश्न विचारता येत नव्हता. त्यांच्या नशिबाने न विचारताच पाहणारा साहेब मिळाला. आमच्या शेताच्या वेळी तसा मिळाला नाही. म्हणून पुढच्या ग्रामसभेत वितरिकेच्या पातळीचा अर्ज मी देणार आहे. अर्ज लिहून झाला आहे; आबाजींनी तो दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "सही नीट कर."