सासूबाईंची दांडगी स्कूटर

साठी उलटलेल्या सासूबाईंनी नव्या स्कूटरचं नाव काढलं की घरात हसू पिकतं. त्यात ती हीरो झूम 160सारखी, निम्मी मोटारसायकल वाटणारी असली, तर विचारूच नका! पण 2025 साली आलेल्या या स्कूटरची 14 इंची चाकं खड्ड्यांत कमी आदळतात; गिअरची कटकटही नाही. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला जावं, सांगलीहून हरिपूरचा संगम गाठावा, तेही कुणाला ‘सोडतोस का रे?’ असं न विचारता. या वयात ही मोकळीक मोठी!

मात्र गाडीचं वजन 140 किलोंच्या घरात. दोन्ही पाय जमिनीला टेकतात ना, स्टँडवरून काढता येते ना, हे आधी पाहावं. पंचावन्नीनंतर परवाना दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो, तेही विसरू नये. एवढं जमलं, तर मैत्रिणींनो, अडवू नका. हेल्मेट तेवढं हाती द्या!