बिझी माणसांची बोगनवेल

हायवेच्या डिव्हायडरकडे कधी नीट बघितलंय? मे महिन्याचं रणरणतं ऊन, दोन्ही बाजूंनी ट्रकचा धूर, टँकर येईल तेव्हा पाणी... आणि तिथे बोगनवेल नुसती बहरलेली! राणी, केशरी, पांढरी. आणि तुमच्या बाल्कनीत हौसेनं आणलेली तीच वेल? हिरवीगार, टवटवीत, पण फूल एकही नाही.

कारण ऐकून गंमत वाटेल. तुम्ही तिचे फारच लाड करताय!

आठवडाभर ऑफिस, ट्रॅफिक, डेडलाइन. रविवारी झाडांकडे बघून अपराधी वाटतं आणि कुंडीत बादलीभर पाणी पडतं, वर चमचाभर युरिया. बोगनवेलीला नेमकं हेच नको असतं. पाणी आणि नत्र भरपूर मिळालं की ती पानं वाढवत बसते. जरा ताण बसला की फुलांवर येते. आपले शेतकरी संत्र्या-डाळिंबाचा बहार धरण्याआधी पाणी तोडून बागेला ताण देतात ना, तोच हा फंडा.

फुलं? छे, ती तर पानं!

ज्यांना आपण फुलं म्हणतो, ती खरं तर रंगीत पानं. खरं फूल म्हणजे त्यांच्या मधोमध असलेली छोटीशी, पांढरट नळी. गुलबक्षी ही हिची चुलत बहीण. माहेर मात्र दक्षिण अमेरिकेत. १७६७ मध्ये जगप्रदक्षिणेला निघालेल्या फ्रेंच जहाजांवरच्या फिलिबेर कॉमर्सां या वनस्पतितज्ज्ञाला ती ब्राझीलमध्ये दिसली आणि मोहिमेचा प्रमुख बूगॅनव्हिल याचं नाव तिला मिळालं. कॉमर्सांची मदतनीस जान बारे या सफरीत पुरुषाच्या वेशात वावरत होती. जगप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली स्त्री म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं.

ऊन मस्ट!

पाण्यात कंजुषी चालेल, उन्हात नाही. रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन हवंच. दक्षिण किंवा पश्चिमेची बाल्कनी असेल तर तुम्ही लकी. समोरच्या टॉवरनं ऊन अडवलं असेल, तर सरळ मनीप्लांट घ्या. उगाच दोघांनाही त्रास नको.

कुंडी १२ इंची, मातीची, तळाला भोक असलेली. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाडसर वाळू. रोप पिशवीतून काढताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू देऊ नका, हिची मुळं नाजूक असतात.

पाणी कधी, कात्री कधी?

पाण्याचं वेळापत्रक विसरा. कुंडीत बोट घाला. वरची दोन इंच माती कोरडी लागली तरच पाणी, आणि तेव्हा मात्र भरपूर. फुलं हवी असतील तेव्हा पानं किंचित मान टाकेपर्यंत थांबा. पण रोप नवं असेल तर पहिले काही महिने हा प्रयोग नको, आधी त्याला रुजू द्या.

पावसाळ्यात वेल नुसतीच पानांनी भरते. टेन्शन घेऊ नका, फक्त कुंडीखालची ताटली काढून ठेवा. पाऊस सरला की कात्री घ्या. फुलं नव्या फांद्यांवर येतात, त्यामुळे छाटणीला घाबरलात तर फुलांना मुकलात. छाटलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या दुसऱ्या कुंडीत खोचा. त्यातल्या काही जगतीलच, मित्रांना वाटायला उपयोगी.

हेही लक्षात ठेवा

• युरिया नको. पोटॅश जास्त असलेलं खत, तेही बेतानं.
• फांद्यांवर कापसासारखं पांढरं दिसलं तर तो मिलीबग. साबणाच्या पाण्याचा फवारा मारा.
• काटे चांगलेच बोचतात. हातमोजे घाला, घरात लहान मूल असेल तर कुंडी कोपऱ्यात ठेवा.
• कुंडी कठड्यावर नको, ग्रिलच्या आतच. खालच्या मजल्यावरच्या काकूंचे वाळत घातलेले कपडेही सांभाळा!
• दोन रंगांची हौस आहे? 'मेरी पामर' मागा. एकाच झाडावर पांढरी आणि गुलाबी फुलं येतात. पुणेकरांनी उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांमध्ये एक चक्कर टाकावी.

ऑफिसच्या टूरवर चार दिवस गेलात, तर बाकीची झाडं माना टाकतील. रुजलेली बोगनवेल बहुतेक वेळा तग धरेल, कदाचित कळ्याही धरेल. फक्त परत आल्यावर एक करा: बादली खाली ठेवा आणि आधी बोट घालून माती बघा.