प्रथम स्तन्यपानाचा निर्णय कोणाचा?

प्रसूतीनंतर बाळाच्या मुखात प्रथम काय जावे, हे बहुधा माता ठरवीत नाही. सिंदेवाहीसारख्या तालुक्याच्या गावी, विशेषतः २००५च्या जननी सुरक्षा योजनेनंतर, प्रसूती रुग्णालयाकडे वळल्या. तेथे बाळंतीण थकलेली असते. शस्त्रक्रिया झाली असल्यास गुंगीत. उशाशी सासूबाई, पायथ्याशी परिचारिका. निर्णय त्या दोघींत होतो.

‘दूध अजून उतरले नाही’ असे कोणी म्हटले, की नातेवाईक औषधी दुकानात येतो आणि दुधाची पावडर व शतावरी कल्प एकदमच मागतो. पावडरीच्या दुधाने पोट भरलेले बाळ स्तन चोखत नाही आणि चोखल्यावाचून स्तन्य वाढत नाही. पुढे कल्पाला दोष मिळतो!

या समजुतीला आपल्या ग्रंथांचाही आधार दिला जातो. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्तन्यप्रवृत्ती सांगितली आहे. आमच्या मते ते निरीक्षण अचूक आहे. भरपूर दूध उतरण्यास दोन ते चार दिवस लागतातच. परंतु तत्पूर्वीचा चीक थेंबांनीच येतो व पहिल्या दिवशी बाळास तेवढाच पुरतो. चरकाचार्य मधुसर्पीनंतर उजवा स्तन द्यावा असे सांगतात. एक वर्षाआतील बालकास मधामुळे बोटुलिझमचा धोका असतो, हे आज ज्ञात आहे. तेव्हा मध वगळून पहिल्या तासातच स्तन द्यावा. काही वैद्यबंधूंना हे रुचणार नाही, याची आम्हास कल्पना आहे.

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातील प्रशिक्षित स्त्रियांकरवी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली. स्तनपानातील अडचणी सोडविणे हा त्यातील एक भाग होता. या क्षेत्रात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. सल्ला घरातच मिळाल्याने तो सासूच्याही कानी पडे, हे आम्हास महत्त्वाचे वाटते.

औषधी विक्रेत्यांसाठी १९९२चा, २००३ साली सुधारलेला, शिशु दुग्धपर्याय कायदा आहे. विक्रीस बंदी नाही; जाहिरात, मोफत नमुने व विक्रीवाढीची आमिषे यांस आहे. पहिल्या दिवशी पावडर मागणाऱ्यास ‘डॉक्टरांनी सांगितली आहे का?’ एवढे विचारावे. सांगितली नसल्यास त्यास परिचारिकेकडे परत पाठवावे व बाळ छातीशी धरून पाहण्यास सांगावे. बाळ सुस्त असेल, चोखत नसेल वा त्यास लघवी होत नसेल, तर मात्र विलंब न लावता बालरोगतज्ज्ञास दाखविण्यास सांगावे.