८,२२२ मालकांचा संघ

बेसबॉल हा अमेरिकेचा आवडता खेळ. त्या खेळांत एक चाल आहे. ज्या खेळाडूनें संघाचें नांव गाजविलें, त्याच्या सदऱ्यावरील अंक पुढें दुसऱ्या कोणासहि द्यावयाचा नाहीं. तो सन्मानानें निवृत्त करावयाचा. न्यूयॉर्क राज्यांत ऑन्टॅरिओ सरोवरालगत रॉचेस्टर नांवाचें शहर आहे. तेथील ‘रेड विंग्ज’ संघानें स्वतः होऊन निवृत्त केलेल्या अंकांत २६ आहे, ३६ आहे आणि ८,२२२ हि आहे. पहिले दोन पाहून कोणी थबकत नाहीं. तिसरा मात्र कोणाच्या पाठीवर मावावयाचा नाहीं, आणि तो कोणा खेळाडूचा नाहींच. १९५७ सालीं ज्या नागरिकांनीं भाग घेऊन आपल्या गांवचा संघ विकत घेतला, त्यांची ती संख्या होय. त्यांस एकत्र आणणारे मॉरी सिल्व्हर यांच्या स्मरणार्थ ती कायम करण्यांत आली आहे.

या खरेदीचें महत्त्व कळावयास अमेरिकेंतील व्यवस्था थोडी समजून घेतली पाहिजे. बड्या शहरांतून तीस प्रमुख संघ आहेत व प्रत्येकाच्या हाताखालीं लहान शहरांतील दुय्यम संघ आहेत. तरुण खेळाडूंनीं येथें तयार व्हावें व तयार होतांच वर जावें. ही पद्धति पक्की बसविली सेंट लुइस येथील ‘कार्डिनल्स’ संघाचे चालक ब्रँच रिकी यांनीं. अशा संघांस तिकडील बोलींत ‘शेत’ म्हणतात. नांव मोठें प्रामाणिक आहे, असेंच आम्हांस वाटतें. शेतांत पीक यावें, तें कापून धन्याच्या कोठारांत जावें. शेताचें मत विचारण्याचा प्रश्नच येत नाहीं.

रॉचेस्टरचा संघ या शेतीहून जुना आहे. १८९९ पासून त्याची परंपरा अखंड चालत आली आहे. आरंभीं त्यानें ‘ब्राँकोज’, ‘हसलर्स’, ‘ट्राइब’ अशीं नांवें बदलून पाहिलीं. १९२८ सालीं कार्डिनल्सनीं त्यास विकत घेतलें, तेव्हां ‘रेड विंग्ज’, म्हणजे लाल पंख, हें नांव पडलें व तेंच टिकलें. दुसऱ्याच वर्षीं नॉर्टन स्ट्रीटवर नवें क्रीडागार उघडलें. बिली साउथवर्थ यांच्या नेतृत्वाखालीं १९२८ ते १९३१ अशीं ओळीनें चार वर्षें संघ आपल्या गटांत पहिला आला. धनी समर्थ, जमीन कसदार. मग पीक कां येऊं नये?

परंतु १९५६ साल सरतां सरतां धन्यानें हात आखडता घेतला. कार्डिनल्सना रॉचेस्टरचा संघ व क्रीडागार यांचा भार नकोसा झाला, व बाहेरचा गिऱ्हाईक मिळाला तर संघ गांवांतून उठून जाणार, अशी वेळ आली. मॉरी सिल्व्हर हे त्या वेळीं शहरांत गाण्याच्या तबकड्यांचें दुकान चालवीत. ते कांहीं लक्षाधीश उद्योगपति नव्हते. त्यांनीं शहरवासीयांपुढें साधा विचार मांडला: संघ आपला म्हणतां ना, मग तो आपणच विकत घेऊं. भागविक्रीची ही खटपट बहात्तर दिवस चालली. शेवटीं ८,२२२ लोक मालक झाले व १९५७ मध्यें ‘रॉचेस्टर कम्युनिटी बेसबॉल’ या संस्थेच्या हातीं संघ आला. पुढें १९६८ सालीं नॉर्टन स्ट्रीटवरील क्रीडागारास सिल्व्हर यांचेंच नांव देण्यांत आलें. १९७४ सालीं ते वारले. त्यांच्या कन्या नेओमी सिल्व्हर यांनीं त्यांच्या मागें कित्येक वर्षें संस्थेची धुरा वाहिली आहे.

आतां येथें चतुर वाचक विचारील, कीं या आठ हजार मालकांनीं नेमकें काय विकत घेतलें? प्रश्न रास्त आहे. कारण खेळाडू त्यांचे नव्हतेच. त्यांस नेमणें, पगार देणें, वर बोलावणें, काढून टाकणें, हे सर्व अधिकार प्रमुख संघाचे. कार्डिनल्स १९६० पर्यंत राहिले. मग १९६१ पासून २००२ पर्यंत बाल्टिमोरचे ‘ओरिओल्स’, त्यानंतर मिनेसोटाचे ‘ट्विन्स’, व २०२१ पासून वॉशिंग्टनचे ‘नॅशनल्स’ असे धनी बदलले. स्टॅन म्यूझिअल हा पुढें कीर्तीस चढलेला फलंदाज १९४१ सालीं येथें खेळला व त्याच वर्षीं वर गेला. गांवकऱ्यांनीं खेळाडूवर जीव लावावा, आणि एके सकाळीं त्याची पेटी बांधलेली दिसावी! मुलीच्या बापाला हें दुःख आम्ही सांगावयास नको. रॉचेस्टरकर मालक झाले ते खेळाडूंचे नव्हेत, तर अंगणाचे व मांडवाचे. मांडवांत आज कोण उभा राहील हें त्यांच्या हातीं नव्हतें. मांडव कोठें घालावयाचा हें मात्र होतें.

म्हणूनच जे थोडे लोक राहिले किंवा परत आले, त्यांच्याविषयीं या शहरास विलक्षण प्रेम आहे. ३६ हा अंक ल्यूक ईस्टर यांचा. हे धिप्पाड कृष्णवर्णीय फलंदाज. गोऱ्यांच्या प्रमुख संघांचे दरवाजे कृष्णवर्णीयांस बंद होते, त्या काळांत त्यांच्या उमेदीचीं वर्षें निघून गेलीं. ते दरवाजे उघडून त्यांस आंत जावयास १९४९ साल उजाडलें. रॉचेस्टरला ते १९५९ मध्यें आले, तेव्हां चाळिशी उलटून गेली होती. तरीहि १९६४ पर्यंत ते येथें खेळले. ज्या वयांत ‘शेतां’तून कोणी नेत नाहीं त्या वयाचा हा माणूस, तो वर जाण्याची भीति नसल्यामुळें गांवानें त्यास मन भरून आपलें म्हटलें. २६ हा अंक जो आल्टोबेली यांचा. हे १९६३ सालीं खेळाडू म्हणून आले. १९७१ ते १९७६ संघाचे मार्गदर्शक होते. मध्यंतरीं बाल्टिमोरला जाऊन १९८३ सालीं त्यांनीं ओरिओल्सना अमेरिकेचें अजिंक्यपद मिळवून दिलें. आणि तेवढी कीर्ति झाल्यावर रॉचेस्टरला परतून त्यांनीं संघाचा कारभार पाहिला व पुढें रेडिओवरून सामन्यांचें वर्णनहि केलें. २०२१ सालीं ते वारले.

या संघाच्या इतिहासांतील सर्वांत प्रसिद्ध सामना मात्र पराभवाचा आहे. बेसबॉलमध्यें प्रत्येक पक्षाचे नऊ डाव असतात. तीन गडी बाद झाले कीं डाव संपला. बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत एकेक जादा डाव खेळावयाचा. १८ एप्रिल १९८१ च्या रात्रीं ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट येथें तेथील संघाशीं रेड विंग्जची गांठ पडली. नऊ डावांनंतर १–१. एकविसाव्या डावांत रॉचेस्टरनें एक धाव काढली, तर पॉटकेटच्या वेड बॉग्जनें लगेच बरोबरी साधून दिली. मध्यरात्र उलटल्यावर ठराविक वेळीं खेळ थांबवावा असा नियम होता खरा. परंतु त्या वर्षीं पंचांच्या हातांतील पुस्तिकेंत तो छापावयाचाच राहून गेला होता! पंच बिचारे पुस्तिकेचे दास. थंडी इतकी, कीं खेळाडूंनीं मोडक्या बॅटी पिंपांत जाळून शेकोटी केली. अखेर गटाच्या अध्यक्षांस दूरध्वनीवर गांठण्यांत आलें व बत्तीस डावांनंतर, पहांटे चार वाजून सात मिनिटांनीं, सामना तहकूब झाला. तो ईस्टरचा रविवार होता. हजारांवर आलेल्या प्रेक्षकांपैकीं एकोणीस जण तेवढे उरले होते. २३ जूनला सामना पुन्हा सुरू झाला व तेहतिसाव्या डावांत, अठरा मिनिटांत, पॉटकेटनें ३–२ असा जिंकला. एकूण खेळ आठ तास पंचवीस मिनिटें. त्या रात्रीं रॉचेस्टरकडून तेरा वेळां फलंदाजीस उभा राहिलेला कॅल रिपकेन त्याच उन्हाळ्यांत बाल्टिमोरला गेला आणि पुढें ओळीनें २,६३२ सामने खेळण्याचा विक्रम त्यानें केला. तो व बॉग्ज, दोघांचींहि नांवें आज बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत आहेत. असा सामना आतां होणें नाहीं. २०१८ पासून दुय्यम संघांत जादा डावाच्या आरंभींच एक धावपटू दुसऱ्या तळावर उभा करतात, म्हणजे निकाल लौकर लागतो.

या दोन शहरांचें पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. पॉटकेटचा संघ खाजगी मालकांचा. नव्या क्रीडागाराचा सौदा तेथें जमला नाहीं, तेव्हां २०१८ सालीं त्यांनीं शेजारच्या राज्यांतील वूस्टर शहरीं जाण्याचें ठरविलें. २०२० सालीं साथीमुळें दुय्यम संघांचे सामनेच झाले नाहींत. पॉटकेटकरांस निरोपाचा सामनाहि पाहावयास मिळाला नाहीं, आणि २०२१ पासून त्यांचा संघ वूस्टरचा झाला. त्याच वर्षीं प्रमुख संघांच्या मंडळानें सर्व दुय्यम संघांची व्यवस्था आपल्या हातीं घेऊन त्यांची संख्या सुमारें १६० वरून १२० वर आणली. कित्येक गांवांचीं नांवें एका यादीनें पुसलीं गेलीं. रॉचेस्टरचें राहिलें.

तें केवळ भागांच्या कागदांमुळें राहिलें, असें म्हणणें धाडसाचें होईल. शहर मोठें आहे, आणि १९९७ पासून संघ ज्या नव्या क्रीडागारांत खेळतो तें सार्वजनिक पैशानें बांधलेलें आहे. परंतु हें शहर कोडॅकचें आहे, हेंहि विसरतां कामा नये. आपल्याकडील जुन्या आल्बमांत कोडॅकचें नांव न पाहिलेलें घर विरळा. १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत या एका कंपनीचे रॉचेस्टरमध्यें ६०,००० नोकर होते; २०१२ सालीं तिनें न्यायालयाकडे दिवाळखोरीचा अर्ज केला. जी पेढी शहराचा आधारस्तंभ म्हणून मिरविली ती अशी खचली, आणि तबकड्यांच्या दुकानदारानें घरोघर विकलेले भाग टिकले. क्रीडागाराच्या बाकांवर बसलें म्हणजे कोडॅकचा उंच मनोरा समोर दिसतो. खालीं वॉशिंग्टनहून आलेलीं नवीं पोरें खेळत असतात. त्यांतील बरीं दोन-तीन भाद्रपदापूर्वींच वर गेलेलीं असतील. जुन्या भागधारकांचीं नातवंडें त्यांचीं नांवें पाठ करून बसलेलीं असतात.