शिंपला, दगड आणि आईचे जाते

माझ्या आईची बोरमाळ जिवापाड जपत मी ऑकलंडपर्यंत नेली, लेकीच्या हाती ठेवली, आणि दिवाळीच्या संध्याकाळी ही बया गळ्यात शिंपल्याचा एक तुकडा अडकवून पणत्या लावायला आली! खरे सांगते, माझ्या डोळ्यांत पाणीच आले.

"आई, हा इथला आहे," एवढेच ती म्हणाली.

त्या शिंपल्याचे नाव पाउआ. न्यूझीलंडच्या खडकाळ किनाऱ्यावर तो सापडतो. बाहेरून अगदी कळकट, आतून मात्र मोरपिसासारखी निळी-हिरवी झळाळी. माओरी कारागीर आपल्या कोरीव मूर्तींच्या डोळ्यांत तो पूर्वापार बसवीत आले. पुढे प्रवाशांसाठी त्याच्या रक्षापात्रांचा नि चमच्यांचा इतका सुळसुळाट झाला, की रसिकांनी नाके मुरडली. (आपल्याकडे समुद्रकाठच्या दुकानांतल्या शिंपल्यांच्या गणपतींचे तेच झाले आहे!) त्यातून हा शिंपला पुन्हा वर काढला तो काही हट्टी दागिनेकारांनी. १९७४ मध्ये ॲलन प्रेस्टन आणि त्याच्या सोबत्यांनी ऑकलंडात 'फिंगर्स' हे दुकान काढले. युरोपच्या दागिन्यांची नक्कल सोडून ही मंडळी हळूहळू पायांखालच्या वस्तूंकडे वळली. वॉरिक फ्रीमनने पाउआचे तारे कापले. १९८८ साली अशा बारा जणांच्या कामाचे 'बोन स्टोन शेल', म्हणजे हाड, दगड, शिंपला, या नावाचे प्रदर्शन परदेशांत फिरले. तो संग्रह आता वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे.

हे सारे ऐकून मी विचारले, "पण यांतले बहुतेक गोरेच ना? मग हाड, दगड, शिंपला हे यांचे कसे? ते तर माओरींचे!"

लेक हसली. "तोच तर वाद आहे, आई." आणि तिने मला पौनामूची, तिथल्या हिरव्या दगडाची, हकीकत सांगितली. १९९७ च्या कायद्याने त्याची मालकी दक्षिणेकडच्या नाय ताहू या माओरी जमातीला परत मिळाली. म्हणजे सापडले म्हणून ते आपले झाले, असे नाही!

दुसऱ्या दिवशी आम्ही बोटीने रांगिटोटो बेटावर गेलो. जिकडे तिकडे काळा पाषाण. थेट आपल्या सह्याद्रीचा! फरक इतकाच, की आपला साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा आणि हा सहाशे वर्षांचा पोर. मी हळूच एक खडा पर्समध्ये टाकला.

"आई, तो ठेव. इथला दगड न्यायचा नसतो."

मी ठेवला. पण चेहरा पडलेला पाहून असेल, बोटीत ती म्हणाली, "बोरमाळ मी सांभाळीन गं. पण आजीच्या जात्याचा एवढासा तुकडा देशील मला?"

आता पंचाईत! साताऱ्याकडचे आमचे माहेरचे घर विकून टाकलेले. जाते परसात, विहिरीपाशी, दुभंगून पडलेले. एरवी मी सरळ उचलून आणले असते. या वेळी दारात उभी राहून नव्या मालकीणबाईंना विचारले. ज्या घरात लहानाची मोठी झाले, तिथे एका दगडासाठी परवानगी मागताना जीभ जड झाली.

"अहो काकू, सबंध जाते न्या की!" त्या म्हणाल्या.

मी सुपारीएवढी कपची घेतली आणि आमच्या नेहमीच्या सोनाराकडे गेले. भोक पाडायच्या भानगडीत पडू नका, चांदीच्या तारेत बांधून द्या, असे सांगितले. त्याने सवयीने ती काट्यावर टाकली, वजन वहीत लिहिले आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहात विचारले,

"वहिनी, पण भाव कशाचा लावू?"